अंबरोस साहेबाची वंशावळ

दुपारचं जेवण अंगावर आलं की कुणालाही झोप लागते, पण सिद्राम हेळव्याला आज ती लागत नाही. येते, पापण्यांपाशी बसते आणि परत उठून जाते. रवळनाथाच्या देवळाची ओवरी थंडगार आहे, उशाला वंशावळीची पोथी आहे, पोटात सरनोबतांच्या घरची पुरणपोळी आहे. मग झोपायला धाड काय भरलीय? खाई त्याला खवखवे, दुसरं काय! काल भरल्या चावडीत त्यानं खोटं वाचलंय, आणि ते पुरणपोळीसकट छातीवर बसलंय.

हेळवी म्हणजे कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. गावोगाव जाऊन घराघरांच्या पिढ्या वाचून दाखवणारा माणूस तो. पूर्वी बैलावर बसून यायचे, सिद्राम आता एसटीनं येतो. मूळ पुरुष कोण, मूळ गाव कुठलं, कुणाच्या पोटी कोण जन्मलं, सगळं त्याच्या पोथीत. पोथीत चढलेलं नाव खोडायचं नाही आणि वाचताना गाळायचं नाही, हा या धंद्याचा धर्म. म्हणून तर सोयरिकी जमवताना लोक हेळव्याच्या शब्दावर विसंबतात. सिद्रामच्या घराण्यात पाच पिढ्यांत कुणी नाव गाळलं नव्हतं. ते त्यानं गाळलं.

आणि कशापायी? एका फेट्यापायी! हल्ली हेळव्याला विचारतो कोण? तरणी पोरं मोबाईल दाखवून हसतात. आणि काल सकाळी जांभूळमाळच्या आबासाहेब सरनोबतांनी त्याला आपल्या शेजारी गादीवर बसवलं, स्वतःच्या हातानं डोक्याला गुलाबी फेटा बांधला आणि गाठ मारता मारता कानात सांगितलं, "आमच्या अनसूयेचं नाव त्या टोपीकराच्या खाली वाचायचं न्हाई, हेळवी." हेळवी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

टोपीकर म्हणजे गावाबाहेरच्या टेकावर ज्याचं थडगं आहे तो अंबरोस साहेब, विलायतेतल्या कुणा उमरावाचा मुलगा. दीडशे वर्षं होऊन गेली त्याला. आणि काल चावडीत उभी होती ती मालन, अंगणवाडीतली मदतनीस. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन माहेरी परतलेली, घाऱ्या डोळ्यांची. या डोळ्यांवरून गावानं तिला जन्मभर नाही नाही ते ऐकवलंय. लेकीला, रोहिणीला, गडहिंग्लजकडचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या बापानं रीतीप्रमाणं पोरीचं आजोळ विचारलं. दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. मालननं सरळ सांगितलं, "माझ्या खापरपणजीचा बाप इंग्रज हुता. सरनोबतांच्या अनसूयेसंगं त्याचं लगीन लागलं हुतं, देवापुढं, पाच माणसांदेखत. माझ्यावर इस्वास ठिवू नका, हेळव्याच्या पोथीचं ऐका."

मुलाचा बाप भला माणूस. म्हणाला, "इंग्रज असंना का. घोड्यावरनं आला काय न् बोटीतनं आला काय. आमाला खरं पायजे, एवढंच."

सिद्रामनं पोथी उघडली. आबासाहेब खोकले. आणि सिद्रामनं वाचलं, "अंबरोस साहेब. वय सव्वीस. तापानं वारले. अविवाहित. निपुत्रिक."

मालन त्याच्याकडं नुसती बघत राहिली. पाहुण्यांनी चहाचे कप तसेच खाली ठेवले. बाई खोटारडी निघाली म्हणाले, आणि आज चारच्या गाडीनं ते परत निघालेत. त्याच गाडीनं सिद्रामला पण जायचंय. तोवर जरा पडावं म्हणून तो या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, डोळे घट्ट मिटतो, आणि कुणीतरी परवानगी मागितल्यासारखं घसा खाकरतं.

खांबाला टेकून एक तरुण गोरा माणूस बसलाय. अंगात जाड कोट, दुपारच्या उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हनुवटीवर चार सोनेरी केस. देऊळ आहे म्हणून बूट काढून त्यानं हातात धरलेत. सिद्राम त्याला ओळखतो. कसं ओळखतो ते त्यालाच कळत नाही, पण भीती अशी वाटत नाही. वाटते ती लाज.

"झोपलास काय, हेळवी?" तो विचारतो.

"न्हाई, सायेब."

"मग वाच की माझी पिढी."

"आत्ता?"

"मग कवा? चारची गाडी हाय न्हवं तुझी?"

मेलेल्या माणसाला गाडीची वेळ ठाऊक आहे, याचं सिद्रामला काही नवल वाटत नाही. तो उशाची पोथी घेतो, दोरी सोडतो. पानं ओली आहेत, अक्षरं दिसत नाहीत. "दिसंना झालंय," तो म्हणतो.

"चल, मी दावतो," म्हणून साहेब उठतो आणि देवळाच्या पायऱ्या चढायला लागतो. रवळनाथाच्या पायऱ्या पाचच, पण या संपत नाहीत. सहावी लाकडी आहे. सातवीवर गालिचा आहे. सिद्रामच्या अनवाणी पायांना तो मऊ लागतो, आणि आपले पाय धुतलेले नाहीत हे आठवून तो अवघडतो. दोन्ही भिंतींवर माणसाएवढ्या तसबिरी आहेत. सगळ्यांची नाकं एकसारखी लांब. बाहेर कुठंतरी म्हैस हंबरते.

"हा हंफ्री," साहेब पहिल्या तसबिरीपाशी थांबतो. "आमचा मूळ पुरुष. लढाईत राजाचा घोडा चिखलात रुतला. ह्यानं दोर लावून वडून काढला. राजानं खूश हून जमीन दिली, उमराव केलं."

"म्हंजे घोडं वडणारा गडी."

"व्हय. पण घरात सांगताना तलवार मारली म्हणत्यात." साहेब हसतो. "खरं तेवढं लपवायचं, ही खोड मुळापास्नंच हाय आमची."

"आमच्यात पण हाय," सिद्राम म्हणतो, आणि म्हटल्यावर जीभ चावतो.

पुढं राल्फ. त्यानं नदीकाठची रानं घेतली, दोन बायका केल्या आणि दोघींनाही भ्याला. त्याचा मुलगा जॉर्ज, अंबरोस साहेबाचा बाप. छातीवर तीन पदकं, ओठ शिवल्यासारखे. "ह्याला मी हसताना कवा बघितलं न्हाई," साहेब म्हणतो. "आमच्यात थोरल्याला वाडा, मधल्याला चर्च आन धाकट्याला बोट. मी धाकटा. बाविसाव्या वर्षी बोटीत बसवलं. ह्या डोंगरांची मापं घ्यायला धाडलं. मापं काय घेतोय! तुझ्या खापरपणज्याच्या, इराप्पाच्या मागं हिंडत हुतो. त्याच्याकडनंच तुमची भाषा शिकलो. त्यो पिढ्या वाचायचा, मी ऐकत बसायचा. म्हटलं, असं कुणी आमच्या घरातलं माणूस आमचं नाव घेतंय काय? आमच्यात नाव पितळंच्या पाटीवर."

पाटी सिद्रामला दिसते. ओळीतली शेवटची चौकट रिकामी आहे, चित्रच नाही, नुसती कोरी भिंत, आणि खाली पितळेची चकचकीत पाटी. तिच्यावरची अक्षरं इंग्रजी असणार, पण सिद्रामला ती घडाघडा वाचता येतात. अविवाहित. निपुत्रिक.

कालचे त्याचेच शब्द, त्याच क्रमानं.

"सायेब, हे कुणी लिवलं?"

"मी," साहेब म्हणतो.

म्हशीचा हंबरडा आता अगदी जवळून येतो. ते गोठ्यात उभे आहेत. खाली शेण, वर कौलं, कोपऱ्यात तीन दगडांची चूल. साहेब बूट बाजूला ठेवून चुलीपाशी उकिडवा बसतो, सवय असल्यासारखा. अनसूयेला सरनोबतांनी घराबाहेर काढलं तेव्हा गावकुसाबाहेरच्या याच गोठ्यात दोघांनी संसार मांडला होता, एवढं सिद्रामला पोथीवरून ठाऊक आहे. पुढचं पोथीत नाही.

"बापाचं पत्र आलं," साहेब सांगतो. "चार महिनं बोटीतनं फिरत आलं आन त्यात एकच ओळ. कानावर आलंय ते खरं हाय काय? मी हितंच बसून उत्तर लिवलं. न्हाई म्हणून. माझं लगीन न्हाई, मला मूल न्हाई."

"आन अनसूयाबाई?"

"हितंच. तू उभा हाईस तिथं. पोरगी मांडीवर. तिला काय वाचता येतंय? शाई वाळावी म्हणून मी कागदावर फुंकर मारली. तिला मजा वाटली. ती पण हसत हसत फुंकर मारायला लागली. तिच्याच फुंकरीनं वाळलं ते पत्र."

सिद्राम खाली बघतो.

"कुणाला भ्यालासा, सायेब?" तो विचारतो.

"जेवणाच्या टेबलाला," साहेब म्हणतो. "हसू नगंस. सणाला आमच्याकडं चाळीस माणसं जेवायला बसत्यात. कुणीतरी माझं नाव काढणार, आन चमचं थांबणार. ती चाळीस माणसं गप बसलेली मला हितं डोंगरात दिसायला लागली. त्याला भ्यालो. हजारो कोसांवरनं भ्यालो. आन तू कुणाला?"

सिद्रामचा हात आपोआप डोक्याकडं जातो. "फेट्याला," तो पुटपुटतो.

साहेब त्याच्याकडं बघतो. रागानं नाही, आणि तेच सिद्रामला सोसत नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चूक झाली, सायेब. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

"मेल्याहून मेलेलं कसं असतं ते मला इचार," साहेब म्हणतो. "पत्र धाडलं आन महिन्याभरात ताप चढला. पत्र माघारी बोलवायचं म्हटलं तरी बोट थांबती काय? मग मी इराप्पाला बोलावलं. म्हटलं, घरच्या बुकात मी खोटा झालो. तुझ्या पोथीत तरी खरं लिव. माझं नाव, अनसूयेचं नाव, खाली पोरीचं. त्यो म्हणाला, आमच्यात पोरीचं नाव चढवत न्हाईत. मी पाय धरलं त्याचं. उमरावाच्या पोरानं हेळव्याचं पाय धरलं, आन तवा त्यानं लिवलं. आता सांग, सबंध जगात मी तिचा बाप हाय असं किती कागदावर लिवलंय?"

"एका," सिद्राम म्हणतो.

"आन त्यो कागद कुणाजवळ हाय?"

सिद्रामला रडू फुटतं. साठी ओलांडलेला माणूस गोठ्यात उभा राहून रडतो. "वाचतो, सायेब, वाचतो," असं म्हणत तो पोथी उघडायला जातो, तर गोठ्याची भिंत मागं सरकत जाते, सरकत जाते, आणि समोर एवढा मोठा दिवाणखाना, छताला काचेची झुंबरं आणि खाली जमिनीवर पंगत बसलेली.

केळीची पानं मांडलीत. भातातून वाफ निघतेय. एका रांगेत साहेबाचं सगळं घराणं. हंफ्री चिखलानं माखलेला, राल्फच्या दोन बाजूंना दोन बायका, आणि जॉर्ज उमराव. त्याला बिचाऱ्याला मांडी घालता येत नाही, गुडघे हनुवटीला लागलेत. दुसरी रांग रिकामी. मध्ये वाढप्यासारखा इराप्पा हेळवी उभा आहे, खांद्यावर धोतराचा सोगा, तोंड उघडं, पण आवाज नाही. मेलेल्या हेळव्याला हाक मारता येत नाही, हे सिद्रामला कुणी न सांगता कळतं. इथली रीतही कळते. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं बसायचं. तोवर कुणी घासाला हात लावायचा नाही.

दारात चार-पाच वर्षांची पोर उभी आहे. घारे डोळे, विस्कटलेली वेणी, आपलं केळीचं पान आपणच दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. साहेबाची पोर, रुक्मा. तिच्या मागं तिचा मुलगा यसबा, पिकल्या मिशांचा. त्याच्या मागं धोंडबा. मग मालनचा बाप ज्ञानदेव, हयातीत होता तसाच, खांद्यावर घोंगडं. त्याच्या मागं मालन आणि मालनला धरून रोहिणी. दोघी जिवंत असून इथं कशा, हे विचारायचं सिद्रामला सुचत नाही. सगळ्यांच्या हातात आपापलं पान. सगळे उभे.

"पुकार," अंबरोस साहेब म्हणतो. तोही अजून उभाच आहे, शेजारी अनसूया.

सिद्राम तोंड उघडतो. कुठूनतरी आबासाहेबांचा खोकला येतो. जॉर्ज उमराव मान वळवून बघतो. झुंबरं हलायची थांबतात. काल तरी फेटा होता, गादी होती, काहीतरी निमित्त होतं. आता काय आहे? आता नुसतं भ्यायची सवय. तो पुन्हा तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो.

ती पोर उंबऱ्यापर्यंत येते. भाताकडं बघते. मग मान वर करून सिद्रामला विचारते, "मामा, मी बसू?"

एवढंच. पण दीडशे वर्षं ही पोर दारात उभी आहे आणि तिला बस म्हणायचं काम आपल्याकडं होतं, हे सिद्रामच्या काळजात घुसतं. आणि पोटातून, अगदी बेंबीच्या देठापासून आवाज फुटतो.

"मूळ पुरुष हंफ्री! हंफ्रीचा राल्फ! राल्फचा जॉर्ज! जॉर्जचा धाकटा अंबरोस, त्याची लग्नाची बायकू अनसूया, सरनोबतांची लेक! अंबरोसाच्या पोटी रुक्मा! बस, बाळा, बस! रुक्माचा यसबा! यसबाचा धोंडबा! धोंडबाचा ज्ञानदेव! ज्ञानदेवाची मालन! मालनची—"

"रोहिणी," कुणीतरी म्हणतं.

सिद्राम डोळे उघडतो. ओवरी. खांब. ऊन पायरीवरून खाली सरकलंय. त्याचा श्वास धापा टाकल्यासारखा चाललाय आणि घसा हा असा सुकलाय, भर बाजारात दिवसभर ओरडावं तसा. खांबापाशी, साहेब बसला होता तिथं, मालन बसलीय.

"कवा आलीस, पोरी?" तो उठून बसत विचारतो.

"मघाशीच. तुमास्नी शिव्या द्यायला म्हणून आले. झोपलेल्या माणसाला काय शिव्या द्यायच्या, म्हणून बसले हितं उठायची वाट बघत."

"मी... काय बोलत हुतो काय?"

"मोठ्यानं," मालन म्हणते. "दोन येळा पयल्यापास्नं शेवटपतोर. शेजारच्या वडावरची कावळी उडाली. मधी रडत पण हुतासा."

सिद्रामला वर बघवत नाही. काल जागेपणी, चावडीत, पोथी समोर असताना खोटं, आणि आज झोपेत, डोळे मिटून, कुणी ऐकत नाही असं समजून खरं. असला कसला हेळवी! खापरपणज्यानं ज्याच्यासाठी रीत मोडली ते नाव त्याच्या तोंडून निघायला त्याला आधी झोपावं लागलं. त्याला वाटतं, पुन्हा डोळे मिटावेत आणि उठूच नये.

तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या हाताकडं जातं. डाव्या तळव्यापासून कोपरापर्यंत निळ्या शाईत बारीक अक्षरं. हंफ्री. राल्फ. जॉर्ज. अंबरोस, अनसूया. मनगटाच्या वर रुक्मा. मग यसबा, धोंडबा, ज्ञानदेव, मालन. कोपराच्या घडीत, घाईनं लिहिलेलं, रोहिणी. हंफ्रीवर घाम आलाय, शाई थोडी फुटलीय.

"अंगणवाडीतलं पेन हुतं कमरंला," मालन म्हणते. "कागद न्हवता. म्हटलं, हा बाबा उठला की परत म्हणंल, मी कुठं काय बोललो. म्हणून दुसऱ्या येळंला लिवून घेतलं."

कालच्या एका वाचनात त्यानं स्वतःचं काय करून घेतलं, ते आत्ता त्याला नीट कळतं. हेळव्याच्या तोंडचा शब्द कुणाला लिहून घ्यावा लागला, असं पाच पिढ्यांत झालं नव्हतं.

"किती वाजलं?" तो विचारतो.

"साडेतीन. पावणे चावडीतच हाईत, पिशव्या भरून. आबासाहेब पण हाईत."

सिद्राम हात टेकून उभा राहतो. पायात मुंग्या आल्यात. पोथी उचलून तो दोरी सोडतो, पान काढतो. कोरडं आहे, ठसठशीत आहे, इराप्पाच्या हातचं, शब्द न् शब्द दिसतो. तो पानात बोट घालून पोथी मिटतो.

"पोरी, चूक झाली माझी. आता समद्यांम्होरं वाचतो, आबासायबांच्या तोंडावर वाचतो. काल खोटं वाचलं हे पण सांगतो." मग तो तिच्या हाताकडं बघतो. "त्यो हात तेवढा धू, बाई. बघवंना मला. पोथीत हाय समदं, मी वाचणार हाय."

मालन उठते. हाताकडं बघते, मग त्याच्याकडं.

"आधी वाचा," ती म्हणते. "हात मागनं धुवायचा."

पदर लागून शाई पुसू नये म्हणून डावा हात अंगापासून लांब धरून ती चावडीच्या वाटेला लागते, आणि सिद्राम पोथी घेऊन तिच्या मागून चालू लागतो.